जुन्या पेट्रोल जीपच्या कॉइलला रेझिस्टर : कधी लावावा, कसा लावावा



आपला शिरोळ तालुका नद्यांचा तालुका. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचे पाणी आपल्या शिवाराला लागते. त्या पाण्यावरच आपला ऊस उभा आहे. पण तेच पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली आपल्या दारात आले, हेही आपण विसरलेलो नाही.

अशा दिवसांतला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. नदी चढते आहे. जनावरे माळावर न्यायची आहेत. घरातली म्हातारी माणसे जुन्या पेट्रोल जीपमध्ये बसवली आहेत. तुम्ही सेल्फ मारता. इंजिन लागते. चावी सोडली की गप्प! पुन्हा सेल्फ, पुन्हा लागते, पुन्हा गप्प. दहा वेळा असे केले की बॅटरी बसते आणि मग ढकलायला माणसे गोळा करावी लागतात. टाकीत पेट्रोल आहे, कार्ब्युरेटर साफ आहे, प्लगही बरे आहेत. मग अडले कुठे?

पुष्कळदा अडलेले असते ते बोटाएवढ्या एका वस्तूपाशी. तिचे नाव रेझिस्टर. काही मिस्त्री तिला 'रेझिस्टन्स' म्हणतात. कॉइलकडे जाणाऱ्या तारेत तो बसवलेला असतो. तो योग्य कॉइलला योग्य मापाचा असला तर पॉइंट आणि कॉइल टिकतात. चुकीच्या कॉइलला लावला तर ठिणगी मरते. हवा तिथे लावलाच नाही तर पॉइंट जळतात. म्हणून तो लावण्याआधी कॉइल मोजावी, ही या पत्रकातली मुख्य गोष्ट. बाकीचे सगळे तिच्यामागून येते.

कोणत्या इंजिनाला हे लागू आहे?

हे पत्रक फक्त बॅटरी, कॉइल आणि पॉइंट असलेल्या पेट्रोल इंजिनासाठी आहे. जुनी विलिस घराण्याची पेट्रोल जीप, जुनी ॲम्बॅसिडर, जुनी पद्मिनी, क्वचित कुणाकडे जपून ठेवलेला परदेशी पेट्रोल ट्रॅक्टर, ही अशी इंजिने.

डिझेल इंजिनाला हे लागू नाही. डिझेलमध्ये ठिणगीच नसते; दाबाने तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेटते. तुमचा डिझेल ट्रॅक्टर किंवा डिझेल पंप यांचा या विषयाशी संबंध नाही.

पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या लहान पंपालाही हे लागू नाही. त्याला बहुधा मॅग्नेटो असतो. मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. त्याच्या तारेत रेझिस्टर घालू नये.

ठिणगी पडते कशी?

कॉइलच्या डब्यात तारेच्या दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. बॅटरीचा करंट चावीतून जाड गुंडाळीत येतो आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवाटे इंजिनाच्या अंगाला, म्हणजे अर्थला, जातो. पॉइंट मिटलेले असतात तोवर कॉइलमध्ये चुंबकशक्ती साठते. पॉइंट उघडले की ती एकदम कोसळते आणि बारीक गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब उठतो. तोच प्लगपाशी ठिणगी पाडतो. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर हा करंट झटकन तोडायला मदत करतो आणि पॉइंटवरची ठिणगी आवरतो.

ही रचना बसवली अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने, १९१० च्या सुमारास. त्यांच्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे मिळून 'डेल्को' हा शब्द झाला. आजही कित्येक मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्कोच म्हणतात, तो तिथूनच आलेला शब्द.

आता कामाचा हिशेब बघा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे फिरते तेव्हा मिनिटाला ४,००० ठिणग्या पडतात. म्हणजे ते नाजूक पॉइंट मिनिटाला ४,००० वेळा मिटतात आणि उघडतात. प्रत्येक वेळी त्यांना करंट तोडावा लागतो. ४ ते ५ अँपिअरचा करंट ते बिनतक्रार सोसतात. त्याच्या दुप्पट झाला की जळू लागतात.

रेझिस्टर करतो काय?

नदीवरून शेतात आलेली पाइपलाइन घ्या. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब. अँपिअर म्हणजे दर घटकेला येणारे पाणी. वाटेतला अर्धवट बंद केलेला वॉल म्हणजे रोध, त्याचे माप ओहम. दाब तोच ठेवून वॉल आवळला तर पाणी कमी येते. रेझिस्टर हा तसा कायमचा अर्धा आवळलेला वॉल आहे.

हिशेब साधा आहे : व्होल्टला ओहमने भागले की अँपिअर येतात.

गाडी चालू असताना डायनॅमो किंवा अल्टरनेटर बॅटरी भरत असतो, तेव्हा तारेत सुमारे १४ व्होल्ट असतात. आता १२ व्होल्टच्या गाडीत बसणाऱ्या दोन जातींच्या कॉइल पाहू.

पहिली जात : जाड गुंडाळीचा रोध सुमारे ३ ओहम. १४ भागिले ३ म्हणजे सुमारे ४.७ अँपिअर. हे ठीक आहे. हिला रेझिस्टर लागत नाही.

दुसरी जात : जाड गुंडाळीचा रोध सुमारे १.५ ओहम. १४ भागिले १.५ म्हणजे ९.३ अँपिअर. हे दुप्पट झाले! पॉइंट जळणार आणि कॉइल तापणार. करंट दुप्पट झाला की कॉइलमधली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. हिला बाहेरून १.५ ओहमचा रेझिस्टर लागतोच. तो लावला की एकूण रोध ३ ओहम होतो आणि करंट पुन्हा ४.७ अँपिअरवर येतो.

कुणी विचारील, मग पहिलीच जात सगळीकडे का बसवत नाहीत? तर दुसऱ्या जातीचा एक गुण आहे. सेल्फ मारताना बॅटरीवर मोठा ताण येतो आणि दाब ९ व्होल्टपर्यंत उतरतो. ३ ओहमच्या कॉइलला तेव्हा ३ अँपिअरच मिळतात, ठिणगी अशक्त पडते. पण १.५ ओहमच्या कॉइलला सेल्फच्या त्या दोन-चार सेकंदांपुरता रेझिस्टर टाळून सरळ करंट दिला, तर ९ भागिले १.५ म्हणजे ६ अँपिअर मिळतात. थंडीच्या पहाटे किंवा पावसात ओल्या इंजिनाला हा फरक मोठा असतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर आल्या तेव्हा ही पद्धत पुष्कळ रुळली. त्याआधीही फोर्डच्या १९३९ सालच्या ९-एन ट्रॅक्टरला ६ व्होल्टची बॅटरी असूनही कारखान्यातूनच रेझिस्टर बसवलेला असे.

न मोजता लावला तर?

गावात असा संवाद नेहमी ऐकू येतो :

"मिस्त्री, पॉइंट परत जळालं की हो! दोन महिनं पण झालं न्हाईत."

"आण्णा, रेझिस्टर टाकूया. करंट कमी हुईल, पॉइंट टिकतील."

मिस्त्रींचा हेतू चांगला आहे, पण कॉइल मोजलेली नाही. समजा, कॉइल पहिल्या जातीची, ३ ओहमची निघाली. तिच्यापुढे १.५ चा रेझिस्टर घातला तर एकूण ४.५ ओहम होतात. सेल्फ मारताना ९ भागिले ४.५, म्हणजे फक्त २ अँपिअर. ठिणगी पिवळी आणि मरतुकडी पडते. उन्हाळ्यात गाडी कशीबशी लागेल, पण जुलैच्या पावसात अडेल. पॉइंट जळण्याचे मूळ कारणही तसेच राहील. ते कारण बहुधा खराब कंडेन्सर, चुकीचे अंतर किंवा रेग्युलेटर बिघडून वाढलेला दाब हे असते.

म्हणून पॉइंट जळाले की आधी तीन गोष्टी बघाव्या. पॉइंटचे अंतर बरोबर आहे का? (जुन्या विलिस जीपला ते ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मि.मी. असते.) नवा कंडेन्सर घातल्यावर जळणे थांबते का? इंजिन वेगात असताना बॅटरीवर १४.५ च्या वर व्होल्ट जातात का? यांत दोष नसला तर कॉइलकडे वळावे.

पहिले काम : कॉइल मोजणे

साधा मल्टिमीटर आता स्वस्तात मिळतो. चार शेतकऱ्यांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

१. चावी बंद करावी. बॅटरीची अर्थची तार सोडावी.

२. कॉइलच्या दोन्ही लहान बोल्टवरच्या तारा सोडाव्या. कुठली तार कुठे होती त्याची खूण करून ठेवावी.

३. मीटर २०० ओहमवर ठेवून त्याच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवाव्या. मीटर ०.२ ते ०.५ असे काही दाखवील. हा सुयांच्या तारांचा स्वतःचा रोध. तो लक्षात ठेवावा.

४. आता सुया कॉइलच्या दोन लहान बोल्टना लावाव्या. आलेल्या आकड्यातून आधीचा आकडा वजा करावा.

उत्तर ३ ओहमच्या आसपास आले तर रेझिस्टर नको. १.५ च्या आसपास आले तर रेझिस्टर हवा. कॉइल गरम असेल तर आकडा थोडा जास्त येतो, म्हणून गार असताना मोजावे. मधल्या जाड भोकात, जिथे प्लगची मुख्य तार बसते, तिथे हजारो ओहम दिसतील. ते इथे कामाचे नाहीत.

कॉइलच्या डब्यावर बाहेरून रेझिस्टर लावण्याबद्दल इंग्रजीत काही छापले आहे का, तेही शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे. पण छाप पुसट असेल किंवा शंका आली तर मीटरवर विश्वास ठेवावा. नुसत्या '१२ व्होल्ट' या शब्दांवर जाऊ नये. दोन्ही जातींच्या कॉइल १२ व्होल्टच्याच गाडीत बसतात.

दुसरे काम : आधीच रेझिस्टर आहे का?

काही गाड्यांत रेझिस्टर दिसत नाही, पण चावीपासून कॉइलपर्यंतची तारच रोधाची असते. तिथे दुसरा रेझिस्टर घातला तर ठिणगी मरणारच. म्हणून सगळ्या तारा पूर्ववत जोडून ही परीक्षा करावी.

चावी चालू करावी, इंजिन बंदच ठेवावे. मीटर व्होल्टवर घ्यावा. एक सुई कॉइलच्या चावीकडच्या बोल्टला आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावावी. पॉइंट मिटलेले असताना १२ च्या जवळ व्होल्ट आले तर वाटेत रेझिस्टर नाही. ६ ते ८ आले तर रेझिस्टर आधीच आहे.

यात एक मेख आहे. पॉइंट उघडे असतील तर करंट वाहतच नाही, आणि रेझिस्टर असला तरी १२ व्होल्टच दिसतात. म्हणून डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट मिटलेले आहेत हे डोळ्यांनी पाहावे. उघडे असतील तर चावी बंद करून, गिअर न्यूट्रलला ठेवून, हॅण्डलने इंजिन थोडे फिरवावे. चावी चालू ठेवून हॅण्डल मारू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते.

मोजून झाले की चावी लगेच बंद करावी. इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले तर कॉइल आणि रेझिस्टर तापत राहतात. लहान मुले जीपमध्ये खेळताना चावी काढून ठेवावी, हे त्यासाठीच.

साहित्य

१. १.५ ओहमचा मोटारीचा रेझिस्टर. चिनी मातीच्या खोबणीत तारेची गुंडाळी बसवलेला येतो. तो न मिळाल्यास १.५ ओहम, निदान ५० वॉटचा तारेचा रेझिस्टर. पॉइंट मिटून राहिले तर यात ३३ वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. रेडिओत असतात तसले बारीक रेझिस्टर इथे क्षणात जळतील.

२. मोटारीची, अनेक बारीक धाग्यांची २.५ चौरस मि.मी. तार. घरच्या वायरिंगची एकेरी कडक तार घेऊ नये. गाडीच्या थरथरीने ती तुटते.

३. तारेच्या टोकांना दाबून बसवायची थिंबले, दोन बोल्ट, स्प्रिंग वॉशर.

जयसिंगपूर, इचलकरंजी किंवा सांगलीच्या मोटार पार्टच्या दुकानात चौकशी करावी. जाताना कॉइलचा मोजलेला आकडा कागदावर लिहून न्यावा.

तिसरे काम : जोडणी

१. बॅटरीची अर्थची तार सोडावी. हे विसरू नये.

२. रेझिस्टरची जागा ठरवावी. बॉनेटखाली लोखंडी पत्र्यावर, वारा लागेल अशा जागी तो पक्का बोल्टने बसवावा. चालताना तो हात भाजण्याइतका तापतो. पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटर, तारांचा जुडगा आणि रबर यांपासून तो निदान चार बोटे दूर असावा. त्यावर टेप गुंडाळू नये. बॉनेटखाली उंदरांनी आणलेले पाचट किंवा चिंध्या असतील तर आधी झाडून काढाव्या.

३. चावीकडून कॉइलला येणारी तार कॉइलवरून काढावी आणि रेझिस्टरच्या एका टोकाला जोडावी.

४. रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकापासून नवी तार कॉइलच्या त्याच मोकळ्या बोल्टला आणावी. रेझिस्टरला उलटसुलट बाजू नसते, कुठलेही टोक कुठेही चालते.

५. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी तार आहे तशीच ठेवावी. तिला हात लावू नये.

म्हणजे क्रम असा झाला : बॅटरी, चावी, रेझिस्टर, कॉइल, पॉइंट, अर्थ.

ज्या गाडीत बॅटरीची वजा बाजू अंगाला आहे तिथे कॉइलचा अधिक बोल्ट चावीकडे येतो. काही जुन्या विलायती गाड्या व ट्रॅक्टरांत बॅटरीची अधिक बाजू अंगाला असते. तिथे कॉइल उलटी जोडलेली असेल. ती तशीच राहू द्यावी. रेझिस्टर मात्र दोन्हीकडे चावीच्या बाजूलाच येतो.

सेल्फच्या वेळची जादा तार

वर सांगितलेली जोडणी पुरी आहे. गाडी चालेल, पॉइंट टिकतील. पण सेल्फच्या वेळी जोरदार ठिणगीचा जो फायदा सांगितला, तो हवा असेल तर एक जादा तार लागते. ती फक्त सेल्फ फिरत असताना रेझिस्टर टाळून कॉइलला सरळ करंट देते.

काही गाड्यांच्या सेल्फ सोलेनॉइडवर यासाठी वेगळा लहान बोल्ट असतो. त्यापासून तार थेट कॉइलच्या चावीकडच्या बोल्टला आणली की काम झाले.

असा बोल्ट नसेल, किंवा पायाने दाबायचा जुना सेल्फ स्विच असेल, तर चार पायांचा १२ व्होल्ट रिले वापरावा. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ८६ ला सेल्फ मोटारीवरून तार, ८५ अर्थला, ३० ला बॅटरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून तार, आणि ८७ वरून कॉइलच्या चावीकडच्या बोल्टला तार. सेल्फ फिरेल तेवढाच वेळ रिले करंट सोडील. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेले बरे. जवळ उभे राहून कोणती तार कुठे गेली ते पाहून ठेवा.

रिले न घालता सेल्फ मोटारीच्या जाड बोल्टवरून कॉइलला सरळ तार जोडण्याचा मोह होतो. तसे करू नका. सेल्फ थांबला की मोटारीची गुंडाळी अर्थसारखीच असते. रेझिस्टरमधून आलेला सगळा करंट कॉइल सोडून त्या तारेने सेल्फमधून अर्थला पळतो. इंजिन बंद पडते, रेझिस्टर लाल होतो.

चौथे काम : तपासणी

बॅटरी जोडा. इंजिन बंद, चावी चालू, पॉइंट मिटलेले. कॉइलच्या चावीकडच्या बोल्टवर ६ व्होल्टच्या आसपास यावे. १२ च आले तर जादा तार अडकून कायम करंट देते आहे किंवा जोडणी चुकली आहे. शून्य आले तर रेझिस्टर आतून तुटलेला आहे किंवा थिंबल सैल आहे.

मग इंजिन लावा आणि अर्धा तास चालवा. कॉइल गरम होईल, पण तिच्यावर हात ठेवता आला पाहिजे. चटका बसत असेल किंवा डांबर, तेल गळत असेल तर थांबा आणि पुन्हा मोजा. रेझिस्टरला मात्र हात लावून बघू नका.

लागते आणि लगेच बंद पडते

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. सेल्फ मारला की इंजिन लागते, कारण तेव्हा जादा तारेने कॉइलला सरळ करंट मिळतो. चावी सोडली की करंट रेझिस्टरमधून यायला हवा. रेझिस्टरची तार आतून तुटलेली असेल तर तो येत नाही आणि इंजिन गप्प होते. ही खूण पक्की ध्यानात ठेवा. कार्ब्युरेटर उघडून बसू नका. आधी रेझिस्टर मोजा. दीड ओहमऐवजी मीटर काहीच दाखवत नसेल तर तोच दोषी. चावीचा स्विच खराब असेल तरी हेच लक्षण दिसते, म्हणून रेझिस्टर चांगला निघाला तर चावी तपासा.

अडल्या वेळी काय करावे? चावी बंद करावी. रेझिस्टरच्या दोन्ही टोकांवर एक तारेचा तुकडा पक्का जोडावा. आता करंट रेझिस्टर टाळून जाईल आणि इंजिन चालेल. पण हा ९ अँपिअरचा मार्ग आहे. माणसे-जनावरे सुरक्षित जागी पोहोचेपर्यंतच तो वापरावा, तिथे लगेच इंजिन बंद करावे. हा तुकडा तसाच ठेवून रोजची गाडी चालवली तर काही दिवसांत पॉइंट जातील आणि मागून कॉइल.

एक मोजलेला चांगला रेझिस्टर, पॉइंटची एक जोडी, एक कंडेन्सर आणि हातभर तार एका डब्यात घालून मे महिन्यातच जीपमध्ये ठेवा. पाणी चढल्यावर दुकाने उघडी नसतात आणि रस्तेही मोकळे नसतात.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर मात्र रेझिस्टरचा विचार नंतर. सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून, तेल बदलून, मिस्त्रीला दाखवा.

श्रोत्यांना पडणारे काही प्रश्न

प्रश्न : आमची जीप मूळची ६ व्होल्टची. १२ व्होल्टची बॅटरी बसवली. जुनी कॉइल रेझिस्टर लावून चालेल का?

उत्तर : जुनी कॉइल मोजा. दीड ओहमच्या जवळ असेल तर दीड ओहमच्या रेझिस्टरने चालेल. पण कॉइल फार जुनी असेल तर ३ ओहमची नवी कॉइल, रेझिस्टरशिवाय, बसवणे जास्त निर्धोक. एक जोड कमी, म्हणजे एक बिघाड कमी. दिवे, हॉर्न आणि डायनॅमो-रेग्युलेटर हेही १२ व्होल्टचे करावे लागतात. एकाच रेझिस्टरने सगळी गाडी ६ व्होल्टवर आणता येत नाही.

प्रश्न : गाडी चालू केली की जवळचा रेडिओ खरखरतो. हाच रेझिस्टर लावावा का?

उत्तर : नाही. ती खरखर प्लगच्या ठिणगीची असते आणि मध्यम लहरींवर जास्त ऐकू येते. तिच्यासाठी ५ ते १० हजार ओहमचा सप्रेसर प्लगच्या जाड तारेत बसवतात, किंवा आत रेझिस्टर असलेले प्लग घालतात. तो हजारो ओहमचा, हा दीड ओहमचा. हजारो ओहमचा चुकून चावीच्या तारेत घातला तर गाडी लागणारच नाही.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवले आहे. रेझिस्टर ठेवावा का?

उत्तर : किटच्या कागदात काय लिहिले आहे ते पाहा. काही किटना स्वतःसाठी पूर्ण १२ व्होल्ट लागतात. त्यांची तार रेझिस्टरच्या आधी, चावीच्या बाजूला जोडावी लागते. कॉइलही कोणती चालेल ते किटवर अवलंबून असते.

थोडक्यात

कॉइल ३ ओहम : रेझिस्टर नको.

कॉइल १.५ ओहम : १.५ ओहमचा रेझिस्टर हवाच.

जागा : चावी आणि कॉइल यांच्यामध्ये, पत्र्यावर, पेट्रोलपासून दूर.

लागते आणि चावी सोडली की बंद पडते : आधी रेझिस्टर बघा.

डिझेल आणि मॅग्नेटो : हे लागू नाही.

हे पत्रक वाचून झाले की जीपच्या टपातच ठेवा. या रविवारी तासभर काढा आणि आपली कॉइल कोणत्या जातीची ते एकदा मोजून घ्या. आलेला आकडा ऑइलपेंटने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या मिस्त्रीला तो उपयोगी पडेल, आणि पावसाळ्यात रात्री-अपरात्री तुम्हालाही.